वालधुनीच्या गाळातले लाल किडे नेमके कोण? नदीबद्दल ते काय सांगतात?

अंबरनाथ : उन्हाळ्यात नाल्याचं पाणी घोट्यापर्यंत आलं, की काळ्या गाळावर कधीकधी लालसर साय धरल्यासारखी दिसते. वरून बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी रंग ओतला असेल. पण जवळ जाऊन खडा टाकला, तर ती लाली क्षणात नाहीशी होते. दोन-तीन मिनिटं थांबलं, की हळूहळू परत येते. कारण तो रंग नसतो. ते हजारो बारीक किडे असतात, डोकं गाळात खुपसून शेपटी पाण्यात हलवणारे.

"पाणी नासलं, किडे पडले," असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. किडे पडत नाहीत आणि पाणी नासवायचं कामही ते करत नाहीत. पाणी आधी नासतं, मग हे येतात. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यायला हवा. वालधुनीचं पाणी कोणी पीत नाही, पण उल्हास नदीचं पाणी या तिन्ही शहरांच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या नळाला येतं. हा किडा कुठे आहे, किती आहे आणि कुठे अजिबात नाही, यावरून नदीच्या तळाची हालत कळते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

गांडुळाचा पाण्यातला भाऊ

शेतातल्या गांडुळाचाच हा नातेवाईक. शाळेच्या पुस्तकात 'वलयी प्राणी' म्हणून जो संघ शिकवतात, त्यातला. मत्स्यटाकीचं सामान विकणारे दुकानदार त्याला 'ट्युबिफेक्स' म्हणतात, आणि शास्त्रीय नावही तेच आहे : ट्युबिफेक्स ट्युबिफेक्स. नळी बनवणारा, असा त्याचा अर्थ. डेन्मार्कच्या म्युलर या शास्त्रज्ञाने १७७४ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्याच सोबत, त्याच गाळात, दिसायला अगदी तसाच दुसरा एक किडा राहतो : लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी. याचं वर्णन १८६२ सालचं. घाणीच्या नाल्यात जगभर या दोघांची जोडी सापडते आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यातला फरक कळणं अशक्य आहे. म्हणून या लेखात दोघांना मिळून 'लाल किडा' म्हटलं आहे.

लांबी साधारण दोन ते पाच सेंटीमीटर, क्वचित जास्त. जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी, म्हणजे एक मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. अंगाला एकापुढे एक कडी. तोंडाच्या पुढे छोटंसं टोक, डोळे नाहीत, पाय नाहीत. पहिलं कडं सोडलं तर प्रत्येक कड्यावर बारीक राठ केसांचे चार झुपके असतात, दोन वरच्या बाजूला आणि दोन खालच्या. गाळात पकड घ्यायला आणि आत-बाहेर सरकायला तेच कामाला येतात. ट्युबिफेक्सच्या पुढच्या भागात वरच्या झुपक्यांत लांब केसासारखे तंतू असतात. लिम्नोड्रिलसला ते नसतात. हे पाहायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो.

अंग इतकं पारदर्शक असतं, की आतलं अन्ननलिकेचं काळं गाळ भरलेलं आतडं आणि त्याच्या वरून धावणारी लाल रक्तवाहिनी भिंगातून दिसते. लाल रंग रक्ताचाच. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन पेशींमध्ये असतं, याच्या रक्तात ते थेट द्रवात विरघळलेलं असतं, गांडुळासारखं. त्याच्या जोरावर हा किडा अगदी थोड्या प्राणवायूतही तग धरतो. मासा जिथे तडफडून मरेल, तिथे हा निवांत जगतो.

फुप्फुस नाही, कल्ले नाहीत. श्वास कातडीतून. डोकं गाळात, शेपटी वर पाण्यात, आणि ती शेपटी सतत हलवत ठेवायची म्हणजे ताजं पाणी अंगाला लागत राहतं. पाण्यात प्राणवायू जितका कमी, तितकी शेपटी जास्त बाहेर आणि हालचाल जास्त जोरात. खडा पडला किंवा धक्का लागला, की सगळे एकदम आत ओढले जातात. लाली गायब होते ती त्यामुळे.

याचाच एक मोठा भाऊबंद आहे, ब्रँकियुरा सोवर्बी. त्याच्या शेपटीकडच्या भागावर वर आणि खाली बोटांसारख्या बारीक कल्ल्यांची रांग असते, त्यामुळे तो भिंगातून ओळखता येतो. गंमत अशी, की हा किडा मूळचा आशियातला मानला जातो, पण शास्त्राला तो पहिल्यांदा सापडला लंडनमध्ये, १८९२ साली, रीजंट्स पार्कमधल्या बागेत कमळाच्या उबदार टाकीत. पाणवनस्पतींच्या मुळांसोबत प्रवास करून गेला असणार.

नर-मादी एकातच

प्रत्येक किड्यात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात. नराचे अवयव दहाव्या कड्यात, मादीचे अकराव्यात. वयात आलेल्या किड्याच्या याच भागावर जाडसर पट्टा दिसतो, गांडुळाच्या गळ्याला दिसतो तसा. दोन किडे एकमेकांना चिकटून शुक्राणूंची देवाणघेवाण करतात आणि मग गाळात बारीक पारदर्शक कोष टाकतात. एका कोषात काही मोजकी अंडी. त्यातून थेट छोटा किडाच बाहेर येतो, अळी-कोष-माशी अशा पायऱ्या नाहीत. हा कधीच उडत नाही आणि डास होत नाही.

अभ्यासकांना मात्र हा फार त्रास देतो. प्रजाती पक्की ओळखायची तर हे प्रजननाचे अवयव बघावे लागतात, आणि विणीचा काळ संपला की ते विरून जातात, पुढच्या वेळी परत तयार होतात. नाल्यातून शंभर किडे काढले तर त्यातल्या बऱ्याच जणांचं नाव सांगता येत नाही, ते यामुळे.

तळाचा गाळ वर आणणारा

याचं खाणं म्हणजे गाळच. गाळातले जिवाणू आणि कुजकी घाण पचवायची, उरलेलं बाहेर टाकायचं. पण डोकं खाली आणि शेपटी वर असल्यामुळे खातो तो काही सेंटीमीटर खोलवरचा गाळ आणि टाकतो तो वर, पाण्याच्या तोंडाशी. एक किडा किती गाळ हलवणार? पण एका चौरस मीटरमध्ये असे हजारो, कधी लाखाच्या घरात किडे असतात. सगळे मिळून रात्रंदिवस खालचा गाळ वर आणत असतात.

औद्योगिक पट्ट्यात नेमकं इथेच काळजीचं कारण आहे. कारखान्यातून आलेली जड धातूंसारखी विषं गाळात बसतात आणि वर नवा गाळ साचला की ती गाडली गेली असं आपण समजतो. हे किडे ती परत वर आणतात. शिवाय त्यातली काही त्यांच्या अंगात साठतात, आणि त्यांना खाणाऱ्या माशा-कोळंबीच्या अंगात जातात.

याचं नीट अभ्यासलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी फाउंड्री कोव्ह नावाची खाचर आहे. तिथे १९५३ ते १९७९ या काळात बॅटरीच्या कारखान्यातून कॅडमियम धातू पाण्यात सोडला गेला. गाळ इतका विषारी झाला, की बाहेरून आणलेले लाल किडे त्यात मरत. पण तिथलेच लिम्नोड्रिलस मजेत जगत होते! तीस वर्षांच्या आतच त्यांच्या पिढ्यांनी विष पचवायची ताकद कमावली होती. धातू अंगात बारीक कणांच्या रूपात साठवायचा, ही त्यांची युक्ती. पुढे प्रयोगात असे किडे खाणाऱ्या कोळंबीतही कॅडमियम गेलेलं दिसलं. १९९४-९५ मध्ये तो गाळ उपसून साफ केला, आणि काही वर्षांतच नव्या पिढ्यांची ती ताकद ओसरली. म्हणजे कारखाना बंद झाला तेव्हा प्रश्न सुटला नव्हता. गाळ काढला तेव्हा सुटायला लागला.

काकोळ्यापासून कल्याणपर्यंत

वालधुनी ही काही मोठी नदी नाही. अंबरनाथच्या बाजूला काकोळ्याच्या डोंगराकडे ती उगम पावते, जिथे रेल्वेने बांधलेलं जुनं जीआयपी धरण आहे. पुढे अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. त्या काळी मंदिर बांधायला हीच जागा निवडली, यावरून नदीचं पाणी तेव्हा कसं असेल याची कल्पना करता येते. नंतर औद्योगिक वसाहत, मग उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीचं १९४९ मध्ये हे शहर झालं आणि दाटीवाटीने वाढलं. शेवटी कल्याणजवळ ती खाडीला मिळते.

अशा नदीत उगमापासून खाली चालत गेलं, तर तळाचे जीव टप्प्याटप्प्याने बदलतात. जगातल्या कुठल्याही सांडपाण्याच्या नदीला लागू होणारा हा क्रम आहे आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी तो शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. डोंगराकडच्या खळखळत्या ओढ्यात दगड उलटा केला, तर खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, छोटे शंख, मुठे असं बरंच काही मिळतं. लाल किडा तिथेही असतो, पण एखाद-दुसरा. गर्दीत हरवलेला.

घरगुती सांडपाणी मिसळायला लागलं, की आधी त्या तीन शेपट्यांच्या अळ्या जातात. मग मुठे, शंख. जागा रिकामी होते, खायला घाण भरपूर मिळते आणि खाणारे शत्रू उरत नाहीत. मग लाल किड्यांचं राज्य. तळाच्या एकूण जिवांमध्ये यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं तर ते जोरदार प्रदूषणाचं लक्षण आणि ६० टक्क्यांच्या खाली असेल तर तब्येत ठीक, असा एक ठोकताळा १९६० च्या सुमारास अमेरिकेत मांडला गेला आणि आजही वापरतात. ब्रिटनच्या गुणपद्धतीत स्वच्छ पाण्याच्या काही अळ्यांना १० गुण, तर या किड्यांना अवघा १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही नद्यांची प्रत ठरवायला अशीच तळाच्या जिवांवर आधारलेली पद्धत घेतली आहे.

पण सगळ्यात वाईट अवस्था लाल किड्यांची नाही. ती त्यापुढची. जिथे रसायनं, आम्लं किंवा रंगाचं पाणी थेट येतं, तिथे हा किडासुद्धा टिकत नाही. गाळ काळा, वास उग्र आणि हालचाल शून्य. काठावर उभा माणूस म्हणतो, "इथे किडे नाहीत, पाणी बरं दिसतंय." उलट आहे. सांडपाण्याच्या नाल्यात लाल किडेही नसतील, तर तिथलं पाणी नुसतं घाण नाही, विषारी असण्याची शक्यता जास्त.

वालधुनीच्या बाबतीत ही भीती हवेतली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात या नदीत रसायन सोडल्यावर उठलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला आणि रुग्णालयात न्यावं लागलं. वालधुनी आणि उल्हासच्या प्रदूषणाचं प्रकरण 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवरून राष्ट्रीय हरित लवादात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

कल्याणच्या खाली भरतीचं खारं पाणी सुरू झालं, की लाल किड्यांची हद्द हळूहळू संपते. तिथल्या चिखलात त्यांचे खाऱ्या पाण्यातले भाऊबंद, कडेला पायांसारखे फाटे असलेले किडे, जागा घेतात.

उल्हास नदीची गोष्ट वेगळी. कर्जत, नेरळ, वांगणी करत ती बदलापूरला येते, आणि तिथल्या बंधाऱ्यावरून बदलापूर-अंबरनाथसाठी पाणी उचललं जातं. पुढे बारवीचं पाणी मिसळतं, जांभूळ, मोहने, शहाड अशा ठिकाणी आणखी उपसा होतो. पाणी मोठं आणि वाहतं असल्यामुळे इथे तळ पूर्ण लाल होण्याची वेळ सहसा येत नाही. पण बंधाऱ्यामागे पाणी संथ होतं, गाळ बसतो, उन्हाळ्यात जलपर्णी पसरते, आणि जलपर्णीखाली पाण्यातला प्राणवायू घटतो. लाल किड्याला हवी असते तशीच जागा. काठच्या गावातल्या कोणी दरवर्षी मार्च ते मे या काळात एकाच ठिकाणचा मूठभर गाळ काढून पाहिला आणि फोनवर फोटो ठेवले, तर दोन-तीन वर्षांत नदी सुधारते आहे की बिघडते आहे हे त्याचं त्याला दिसेल. गाळ हातमोजे घालूनच काढावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पावसाळ्यात हे करून उपयोग नाही. पूर तळाचा गाळ धुऊन नेतो.

हा नारू नाही

वडीलधाऱ्या मंडळींना पाण्यात दोऱ्यासारखं काही वळवळताना दिसलं, की नारू आठवतो. साहजिक आहे. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं, की त्यातल्या बारीक जलपिसवांसोबत नारूची पिल्लं पोटात जात, आणि वर्षभराने जवळपास मीटरभर लांब पांढरा दोरा पायातून बाहेर येई. तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस काढावा लागे. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

लाल किड्याचा नारूशी काही संबंध नाही. तो माणसाला चावत नाही, कातडीत शिरत नाही, चुकून पोटात गेला तर पचून जातो. माशांच्या बाबतीत मात्र तो अगदी निरागस नाही. थंड प्रदेशातल्या ट्राउट माशाला गरगर फिरायला लावणारा एक रोग आहे. त्याचा जंतू अर्धं आयुष्य ट्युबिफेक्सच्या पोटात काढतो, हे १९८४ मध्ये उघड झालं. आपल्याकडच्या रोहू-कटल्याला तो रोग होत नाही.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या रॅले शहराच्या गटारात सोडलेल्या कॅमेऱ्यात धडधडणारा लाल गोळा दिसला आणि 'परग्रहावरचा प्राणी' म्हणून तो व्हिडिओ जगभर फिरला. अधूनमधून तो व्हॉट्सॲपवर अजूनही येतो. तो गोळा म्हणजे गाळ न मिळाल्यामुळे एकमेकांना धरून बसलेले हेच किडे होते.

टाकीत किंवा नळाला लाल काही दिसलं तर

आधी ओळख पटवा. पांढऱ्या बशीत थोडं पाणी घ्या, त्यात तो जीव ठेवा आणि फोनचा कॅमेरा मोठा करून बघा. एका टोकाला स्पष्ट गडद डोकं असेल, डोक्यामागे आणि शेपटीला आखूड पायांसारखे कोंब असतील आणि तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा झटके देत पोहत असेल, तर तो लाल किडा नाही. ती डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची अळी. तिचं रक्तही लालच. टाकीचं झाकण उघडं राहिलं, माशीने अंडी घातली, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. टाकी रिकामी करून घासायची, झाकण घट्ट बसवायचं आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी बांधायची.

डोकं-शेपूट ओळखू येत नसेल, अंग दोऱ्यासारखं एकसारखं असेल आणि पाण्यात ठेवल्यावर तो गोल गुंडाळी किंवा गाठ करून बसत असेल, तर तो लाल किडा समजावा. मग प्रकरण गंभीर घ्यायचं. उडणारा जीव नसल्यामुळे तो वरून टाकीत पडलेला नाही, पाण्यासोबतच आलेला आहे. जलवाहिनी कुठेतरी फुटून तिच्यात गटाराचं पाणी शिरतंय, किंवा गावच्या टाकीच्या तळाशी खूप गाळ साचलाय, ही दोन कारणं आधी तपासावी लागतात. किडा काचेच्या बाटलीत घालून तारीख-वेळ लिहून ग्रामपंचायत किंवा पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे न्या, पाण्याची जिवाणू तपासणी मागा. शेजारच्या चार घरी तेच दिसतंय का हेही विचारा. गळती शोधायला त्याचा उपयोग होतो.

तोपर्यंत पिण्याचं पाणी गाळून उकळायचं. उकळल्याने किडे आणि जंतू मरतात. पण पाण्यात कारखान्याचं रसायन असेल तर ते उकळून जात नाही, त्यामुळे पाण्याला रंग किंवा उग्र वास असेल तर ते उकळूनही पिऊ नये.

मत्स्यटाकीतल्या माशांना घालायला काही मुलं नाल्यातून हे किडे गोळा करतात. ते थांबवलेलं बरं. दुकानातून आणलेले असले तरी निदान दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, पोटातला गाळ निघून गेल्यावरच ते घालावेत. औद्योगिक नाल्यातले किडे कितीही धुतले तरी अंगात साठलेला धातू निघत नाही.